मनाची दुखणी आणि गावाचा वाटा

देवरूखमध्ये मातृमंदिराचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी इथं दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं आणि संगमेश्वर तालुक्यातल्या बायकांच्या आयुष्याला वळण लागलं. त्या काळी बाळंतपण माजघरातच व्हायचं. बाई अडली तर डोली, बैलगाडी आणि देवाचा धावा एवढीच साधनं हाताशी असायची. इंदिराबाई सगळ्यांच्या मावशी झाल्या. दोन खाटांचं पुढं रुग्णालय झालं, निराधार मुलांसाठी ‘गोकुळ’ उभं राहिलं, बालवाड्या निघाल्या, गावोगावची विकासाची कामं सुरू झाली. १९९८ साली मावशी गेल्या. संस्था चालू राहिली, कारण ती तोवर एका माणसाची उरली नव्हती.

मावशींच्या कामाचं मोल खाटांच्या संख्येत मोजता येत नाही. बाळंतपण ही बाईच्या नशिबाची गोष्ट आहे असं मानणाऱ्या मुलखात ती गावाच्या जबाबदारीची गोष्ट झाली, हे त्यांचं खरं काम. मनाच्या दुखण्यांच्या बाबतीत मात्र आपला तालुका, आपला जिल्हा आणि बराचसा महाराष्ट्र अजून १९५४ च्या अलीकडे आलेलाच नाही. घरातल्या माणसाचं मन आजारी पडलं की ते घर एकटं पडतं. शेजारी येत नाहीत, पाहुणे तुटतात, मुलीचं लग्न अडतं. शेवटी कधीतरी गाडी करून त्या माणसाला रत्नागिरीला नेलं जातं.

रत्नागिरीचं रुग्णालय

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे. राज्यातल्या जुन्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी ते एक. मंजूर खाटा पाहिल्या तर येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. या चारांत रत्नागिरी सगळ्यात लहान, पण दक्षिण कोकणाला पिढ्यान्‌पिढ्या आधार याच रुग्णालयाचा. तिथल्या परिचारिका, अटेंडंट आणि डॉक्टर जे काम करतात त्याची जाहीर दखल फारच कमी घेतली जाते.

अशी रुग्णालयं ज्या विचारातून उभी राहिली, तो विचार मात्र माणसाला समाजापासून बाजूला ठेवण्याचा होता. १८५८ चा कायदा, त्यानंतर १९१२ चा कायदा, दोन्हींचा भर बंदोबस्तावर. १९८७ च्या कायद्यानं भाषा बदलली, पण केंद्रस्थानी रुग्णालयच राहिलं. परिणाम असा, की औषधांनी बरी झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं वॉर्डातच राहतात. घरचा पत्ता बदललेला असतो, भाऊ दाराशी उभं करत नाही, जमिनीच्या वाटणीत नाव नको असतं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला बजावलं, की मनोरुग्णालयातल्या लोकांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणं थांबवा. बरं झालेल्या माणसाला जायला घर नाही, ही अडचण कुठलाही डॉक्टर गोळी लिहून सोडवू शकत नाही. ती सोडवायची तर गावच लागतं.

दुसरी अडचण अंतराची. देवरूखहून रत्नागिरी पन्नासेक किलोमीटर. एसटीनं दीड-दोन तास. पण वाडीतून देवरूखला यायचं, तिथून रत्नागिरीची गाडी धरायची, केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं, महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीनं परतायचं, यात अख्खा दिवस जातो. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. लावणीच्या दिवसांत तर सवडच नसते. दोन महिने गोळ्या घेऊन माणूस सावरतो, घरच्यांना वाटतं बरा झाला, फेरी चुकते, आणि भादव्यात गणपती येईपर्यंत दुखणं पुन्हा उसळतं. मग गाव म्हणतं, औषधाचा काही उपयोग नाही.

बंद घरांचा मुलूख

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजारांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसत होता. त्याच जनगणनेत इथं हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून कुणी आनंद मानू नये. पुरुष मुंबईला, पुण्याला, आखातात गेले म्हणून तो आकडा तसा आहे.

कोकणातलं घर दोन ठिकाणी विभागलेलं असतं हे आपण इतकं गृहीत धरलं आहे, की त्याचा मनावर पडणारा भार आपल्याला दिसतच नाही. वाडीतल्या दहा घरांतली चार बंद, तीन घरांत फक्त म्हातारी माणसं. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, घर पंधरा दिवस भरतं आणि एका रात्रीत रिकामं होतं. त्यानंतरचे दिवस आईला कसे जातात हे शेजारणीलाच माहीत असतं. गिरण्या बंद पडल्यावर परतलेली पिढी, मुंबईत नोकरी गेली म्हणून तोंड लपवून गावी आलेला तरुण, कलमं धरली नाहीत म्हणून कर्जात गेलेला बागायतदार, दारूत बुडालेला घरधनी आणि त्याचा मार खाणारी बाई. यातलं प्रत्येक दुखणं दवाखान्यात येतं तेव्हा वेगळ्याच नावानं येतं. डोकं जड, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, अन्नावर वासना नाही, झोप नाही. डॉक्टर ताकदीचं इंजेक्शन देतात. माणूस परत जातो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडण्यासारखे आहेत. दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या वेळी उपचार लागेल असं मनाचं दुखणं होतं, आणि आजारागणिक सत्तर ते नव्वद टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. संगमेश्वर तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. सर्वेक्षणातलं प्रमाण इथं निम्मं धरलं तरी काही हजार माणसांचा हिशेब होतो. इतक्या माणसांना ३६५ खाटांचं रुग्णालय पुरणार नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांना खाटेची गरजही नाही. त्यांना वाडीजवळ, ओळखीच्या माणसाकडून, वेळेवर मिळणारी मदत हवी आहे.

गाऱ्हाणं आणि चिठ्ठी

ही मदत नसते तेव्हा माणसं देवाकडे जातात. ग्रामदेवतेपुढं गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो, भगताला बोलावलं जातं. शिकलेल्या माणसानं यावर नाक मुरडणं सोपं आहे, पण गाऱ्हाण्यात एक गोष्ट असते जी आपल्या बाह्यरुग्ण विभागात नसते. तिथं दुखणं चारचौघांत बोललं जातं आणि गाव ते ऐकून घेतं.

याची काळी बाजूही तितकीच खरी आहे. भूत उतरवायचं म्हणून मारहाण, धूर, उपासमार, साखळदंड. तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधून ठेवलेली २८ मनोरुग्ण माणसं जागीच जळून गेली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणं गुन्हा ठरलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई केली.

कायद्याच्या जोडीला संवादही लागतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दुआ मागायला आलेल्यांना तिथंच मानसोपचाराची दवाही मिळावी अशी सोय करण्यात आली. मुजावर स्वतः आजारी माणसाला डॉक्टरांकडे पाठवू लागले. साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि त्यांचे सहकारी ‘परिवर्तन’मार्फत मानसमित्र घडवत आले आहेत. भूतबाधा म्हणून आलेल्या घराला ते आधी ऐकून घेतात, नंतर उपचारांपर्यंत नेतात. देवरूखजवळ मकरसंक्रांतीला मार्लेश्वराची यात्रा भरते, पंचक्रोशीतली माणसं लोटतात. तिथं मनाच्या आरोग्याचा एक मांडव का असू नये?

डॉक्टर नसतानाचा उपचार

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मानसोपचारतज्ज्ञच नाहीत तर खेड्यात उपचार देणार कोण? त्याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात सापडतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथं ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना नीट प्रशिक्षण आणि सततची देखरेख दिली तर ती नैराश्यावर उपचार करू शकतील का, हा त्यांचा प्रश्न होता. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवर त्यांनी तो तपासला. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

या समुपदेशनात नेमकं काय होतं, हे आपल्याकडच्या एका घरात बसवून पाहू. हे घर कुणा एकाचं नाही, पण ते प्रत्येक वाडीत आहे. जांभ्याच्या भिंती, पुढं पडवी, मागीलदारी चूल. साठीची बाई. नवरा गेला, मुलगे मुंबईला. अंगणातली तुळस वाळली तरी तिला उठून पाणी घालावंसं वाटत नाही. गावातलीच कार्यकर्ती येते, पडवीत बसते आणि नऊ साधे प्रश्न विचारते. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही असं किती दिवस झालं? झोप कशी आहे? जेवण जातं का? आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का? जगणं नकोसं होतं का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त झाले तर लक्ष द्यायला हवं. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

पुढच्या भेटींत उपदेश नसतो. दिवस कसा गेला ते दोघी मिळून मांडतात. सकाळी काय केलं, दुपारी कुठं बसलात, कोणत्या वेळी जरा बरं वाटलं. पूर्वी काय आवडायचं? भजन, अबोलीचे गजरे, शेजारणीबरोबर काजू सोलणं. त्यातलं एक, अगदी लहान, पुढच्या भेटीपर्यंत करायचं ठरतं. तुळशीला पाणी. मग दाराबाहेर पडणं, मग मंगळवारच्या भजनाला जाऊन बसणं. कशानं बरं वाटलं ते पुढच्या वेळी बोलायचं. अडचण पैशाची असेल तर निराधार योजनेचा अर्ज, मार खाण्याची असेल तर संरक्षण अधिकाऱ्याशी गाठ. अशा सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. मन बरं वाटेल तेव्हा काम करू, असं आपण म्हणतो. इथं आधी काम सुरू होतं, आणि त्याच्या मागून मन सावरतं.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ या प्रकल्पानं तीस गावांत असंच काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं नाशिक जिल्ह्यात ‘आत्मियता’ प्रकल्पातून गावातलीच माणसं निवडली. गावानं ज्यांच्यावर आधीच विश्वास टाकलेला आहे, ज्यांच्याकडे लोक अडीअडचणीला जातात, अशीच. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाण्याच्या संस्थेनं आणि पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननं रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर मानून त्यांचे गट बांधले. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या दिग्दर्शनातून २००४ साली आलेला ‘देवराई’ तर कोकणातलीच गोष्ट सांगतो. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला समजून घेणारी बहीण.

खुर्चीवर कुणी बसायचं?

ही सगळी कामं चांगली आहेत, पण त्यांना एक मर्यादा आहे. प्रकल्प संपतो, निधी थांबतो, कार्यकर्ते दुसऱ्या जिल्ह्यात जातात. मागं राहते ती सरकारी आरोग्य व्यवस्था आणि गाव. या दोघांना बांधणारी गाठ कायद्यात आणि शासननिर्णयांत आधीच आहे. ती आपण ओढून घट्ट केलेली नाही.

१९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यानं सांगितलं, की आरोग्य सेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी यांत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. महाराष्ट्रात त्याच्या आधीच, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे करून दाखवत होते. अक्षरओळख नसलेल्या बायका तिथं गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्यातून हजार वस्तीमागे एक आशाताई आली, गावोगावी ग्राम आरोग्य समित्या आल्या आणि रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या मिळाल्या. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं राज्य पातळीवर तिचं सूत्रसंचालन केलं. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. गावकरी दवाखान्याला गुण देऊ लागले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारू लागले, की औषध बाहेरून का आणायला लावलं, उपकेंद्राला कुलूप का होतं. अनेक ठिकाणी कुलपं उघडली, बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या.

या बैठकांत आजवर लसीकरण आलं, बाळंतपण आलं, पाणी आलं. मनाचं आरोग्य क्वचितच आलं. समितीच्या खुर्च्यांवर सरपंच असतो, आरोग्यसेविका असते, शिक्षक असतो. पंधरा वर्षं आजारी मुलाला सांभाळणारी आई नसते. स्वतः त्या अंधारातून जाऊन आलेला माणूस तर नसतोच. खरं तर गोळ्यांनी हात थरथरतात हे त्याला माहीत असतं. केसपेपरच्या खिडकीवर नाव पुकारताना काय वाटतं, हेही त्यालाच सांगता येतं. तो खुर्चीवर नसेल तर सेवा कुठं अडते हे समितीला कळणार कुठून?

२९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत आपल्या समित्यांच्या खूप पुढं आहे. या कायद्यानं नेमायच्या सहा जणांच्या पुनर्विलोकन मंडळांत दोन जागा आजाराचा अनुभव असलेली माणसं, त्यांना सांभाळणारे किंवा सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. प्रत्येक माणसाला परवडणाऱ्या सेवेचा हक्क दिलेला आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसायचा आहे. यादीतली आवश्यक औषधं सरकारी ठिकाणी मोफत मिळायला हवीत. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला संस्थेत डांबून ठेवता येत नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घ्यायला सरकारला सांगतो.

देवरूखनं काय करावं

हे शहरात बसून लिहिलेलं स्वप्न नाही. याला नवी इमारत लागत नाही, फार पैसाही लागत नाही. पहिलं, प्रत्येक ग्राम आरोग्य समितीच्या आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मनाच्या आरोग्याचा विषय कायम ठेवावा आणि एका शुभंकराला किंवा शुभार्थीला तिथं मानानं बसवावं. दुसरं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आपल्या भागात कोणत्या वारी, कुठं येतं हे प्रत्येक वाडीच्या फलकावर लिहिलं जावं. पथक आलं नाही तर समितीनं विचारावं. तिसरं, नेहमीच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळाव्यात, म्हणजे महिन्याची फेरी रत्नागिरीपर्यंत घालावी लागणार नाही. चौथं, आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे. त्यांना मनाच्या आरोग्याचं प्रशिक्षण द्यावं, आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. फुकट राबवून घेऊन कुणाचं मन सांभाळलं जात नाही. पाचवं, रुग्णालयातून घरी परतणाऱ्या माणसाची जबाबदारी एकट्या घरानं घेऊ नये. त्याला काम देणारा एक बागायतदार, गोळ्यांची आठवण करणारी एक शेजारीण, मंडळाच्या आरतीत त्याला पुढं उभं करणारा एक कार्यकर्ता, एवढं प्रत्येक वाडी करू शकते.

हाताशी एक सोय आजही आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक दुकानाच्या फळीवर, एसटी थांब्यावर, शाळेच्या भिंतीवर आणि देवळाच्या सभामंडपात लिहिला गेला पाहिजे.

सणाला चाकरमानी घरी येतील. त्यांनी आईवडिलांच्या गुडघ्यांबरोबर झोपेचीही चौकशी करावी. आणि गावात राहणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत उठून एक प्रश्न विचारावा: आपल्या गावात मनाच्या दुखण्यानं एकटं पडलेलं घर कोणतं, आणि त्या घरासाठी आपण काय करणार आहोत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. त्याच्या पुढच्या सभेत ते वाचायला लावा.